पिवळा म्हणजे चार

काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, केशरी तीन.
बिरनाळे सर म्हणाले, रंग लक्षात राहायला
एखादी ओळ जुळवा पोरींनो.
मला ओळ जुळली नाही.
पिवळ्यापाशी मी थांबले.
पिवळा म्हणजे चार,
पिवळा म्हणजे अब्बांचे हात.

सांगलीच्या मार्केट यार्डात तेवीस वर्षं
हळदीची पोती वाहिलेले,
साबणानं, राखेनं, रॉकेलनंही न निघालेले.
आयटीआयच्या फॉर्मवर त्यांची सही आहे
आणि सहीशेजारी एक पिवळा अंगठा,
कुणी मागितलेला नसताना.

पहिले दोन महिने नुसतं डाख देणं.
कथलाची तार, राळेचा धूर,
डाव्या तर्जनीवर भाजल्याचे तीन ठिपके.
चांगला डाख चकाकतो, उतार धरून बसतो.
वाईट डाख मळका गोळा होऊन नुसता टेकलेला असतो.
सर भिंग डोळ्याला लावूनच बोलत:
"वरून धरल्यासारखा, आतून सुटलेला.
ड्राय जॉइंट म्हणतात ह्याला.
सकाळी चालेल, दुपारी बंद पडेल,
तुम्ही बघायला गेलात की परत चालेल."
सुनेत्रा कुजबुजली, "आमचे भाऊजी तस्सेच."
हसल्याबद्दल दोघींना शंभर-शंभर डाख जास्तीचे.

मल्टिमीटर मला लगेच आवडला.
जिथं वाट आहे तिथं तो चिरकतो,
जिथं तुटलंय तिथं गप्प.
आमच्या घरात उलटं आहे.

दुसऱ्या वर्षी, हळदीचा हंगाम सुरू होता होता,
आवटी शेठजींचा वजनकाटा आला
अब्बांच्याच सायकलच्या कॅरिअरवर, सुतळीनं बांधून.
रिकामा असला तरी तीनशे ग्रॅम दाखवायचा,
मध्येच वजा ऐंशी.
"पोतं ठेवायच्या आधीच," अब्बा सरांना सांगत होते,
"त्याच्यावर कोणतरी बसलेलं असतंय."

"नदाफ, तू उघड," सर म्हणाले.
आत सगळीकडे हळद.
ब्रश फिरवला तशी वर्गभर शिंका.
लोडसेलच्या चार तारा:
तांबडी, काळी, हिरवी, पांढरी.
पिवळी त्यात नव्हती, तरी चारही पिवळ्या झालेल्या.
पुसल्या. चिमट्यानं एकेक हलवून पाहिली.
पांढरीच्या बुडाशी भिंगाखाली एक चीर,
केसाएवढी, गोल, अंगठीसारखी.
दिवसातून दोनशेदा पोतं आपटायचं,
दोनशेदा ती उघडायची, मिटायची.

जुनं कथील काढलं. नवा डाख दिला.
हात कापला नाही, हे मला घरी गेल्यावर आठवलं.
रजिस्टरात लिहिलं: दोष, पांढरी तार.
वेळ, चाळीस मिनिटं.
सर म्हणाले, वजनमापेवाल्यांचा शिक्का
पुन्हा मारून आणायला सांगा शेठजींना.

आकडे स्थिरावले. शून्य.
तपासायला लॅबमध्ये पाच किलोचं एकच माप.
सर म्हणाले, जड काहीतरी पाहिजे.
अब्बांनी चपला काढल्या
आणि मशिदीत शिरावं तसे, उजवा पाय आधी,
काट्यावर जाऊन उभे राहिले.

एक्कावन्न किलो, तीनशे पन्नास ग्रॅम.

पोतं पंचावन्नचं असतं.
हे मला माहीत होतं, सुनेत्राला माहीत नव्हतं,
सर भिंग पुसायला लागले.
अब्बांनी मान वाकवून आकडा वाचला,
मग सौद्यातल्या दलालाच्या आवाजात ओरडले,
"राजापुरी! एक नंबर! बोला!"
सगळा वर्ग हसला. मीही हसले.
ह्या वेळी शिक्षा झाली नाही.

ते उतरले. चपला घातल्या.
सुतळी कुठं ठेवली म्हणून खिसे चाचपत राहिले.
पाट्यावर दोन पिवळी पावलं उमटली होती.
मी फडकं घेतलं, आणि पुसायच्या आधी
एकदा आकड्याकडं पाहिलं.
शून्य.
पाच ग्रॅमच्या आतलं
ह्या काट्याला दिसत नाही.